तिसऱ्या सिलिंडरचे बार

इंजिनचा नुसता आवाज ऐकून मी त्याचं दुखणं सांगतो, अशी आमच्या कुमासी शहरात माझी ख्याती होती. म्हणजे मीच ती ज्याला त्याला सांगत असे. शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझी गाडी शाळेच्या इमारतीपेक्षा जुनी आहे, त्यामुळे सरावाला तोटा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ती मिसिंग करायला लागली. उभी असली की हुडहुडी भरल्यासारखी कापायची आणि चढ आला की मान टाकायची. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना घेऊन मामपाँगला जायचं होतं. तिथले त्यांचे व्याही, म्हणजे माझ्या मेहुणीचे सासरे, वारले होते, आणि अंत्यविधी मोठा होता. मंडप, ढोल, बंदुकांचे बार, शिवाय खुद्द गावचे राजे, म्हणजे नाना, येणार होते.

बायको, सेर्वा, म्हणाली की ओफोसुआ फिटरला बोलवू या. मी हसलो. आणि बॉनेट उघडलं.

चालू इंजिनच्या प्लगच्या वायरी मी एकेक करून काढत गेलो. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, अडखळलं. तिसरी काढली तर इंजिनला काहीच फरक पडला नाही, फक्त मला कोपरापर्यंत झटका बसला. म्हणजे तिसरा सिलिंडर मेलेला. निदान झालं, दहा मिनिटांत.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी चारही प्लग काढले, घासूनपुसून लखलखीत केले आणि परत बसवले. बसवताना कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना वीज कशी वाहते ते समजावून सांगत होतो. त्या व्याख्यानात दुसरी आणि तिसरी वायर अदलाबदल झाली.

सकाळी गाडी सुरू केली तर बॉनेटखालून बंदुकीसारखा आवाज झाला. काळं-तांबडं वस्त्र खांद्यावर घेतलेले सासरे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, साचलेला कचरा बाहेर पडतोय.

"पडू दे," ते म्हणाले. "फक्त आपण त्यात नको."

मामपाँगचा चढ आम्ही पायी चालणाऱ्या बकऱ्यांच्या बरोबरीनं चढलो. दर वळणावर एक बार. सेर्वा खिडकीबाहेर बघत होती, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसली होती.

मैदानाजवळ पोचलो तेव्हा गाडीनं लागोपाठ तीन बार काढले, आणि तिथेच घोळ झाला. नाना आले की बंदुका वाजवायच्या, असं ठरलेलं होतं. मंडपामागे बसलेल्या बंदूकवाल्यांना वाटलं, मैदानापलीकडच्या बंदूकवाल्यांनी सुरुवात केली, आपण मागे राहिलो. त्यांनी होती नव्हती ती सगळी दारू उडवून टाकली. ढोल सुरू झाले. कर्ण्यावरून नानांचं आगमन जाहीर झालं आणि चारशे माणसं उभी राहिली.

धुरातून आमची गाडी बाहेर आली.

सासऱ्यांना वाटलं, हा मान आपलाच. ते संथपणे उतरले आणि पहिल्या रांगेपासून हस्तांदोलन करत निघाले. कुणाचाच हात मागे घ्यायचा धीर झाला नाही.

पाऊण तासानं खरे नाना आले. ढोलवाले जेवायला गेले होते आणि बंदुका रिकाम्या होत्या. नाना मोठ्या छत्रीखाली वेशीवरच थांबले. त्यांचा प्रवक्ता, हातात सोनेरी मुठीची काठी घेतलेला म्हातारा, एकटाच आत आला आणि म्हणाला, "बार झाल्याशिवाय नाना आत यायचे नाहीत. मघाशी कुणी उडवले?"

चारशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खरं काय ते सांगितलं. म्हाताऱ्यानं ते नानांच्या कानावर घातलं आणि परत येऊन निरोप दिला की चालेल, गाडी वाजवा.

मी उत्साहानं गाडीत बसलो. हात काळे करून का होईना, घराण्याची अब्रू राखणार होतो. किल्ली फिरवली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी नुसती गुरगुरली. पुन्हा दाबला. आठ वर्षांत ती इतकी गोड चालली नव्हती.

खिडकीशी ओफोसुआ आली. ती मूळची मामपाँगचीच, अंत्यविधीला म्हणून आलेली, अंगावर काळं वस्त्र.

"मास्तर, दोन वायरी उलट्या होत्या, मघाशी सरळ केल्या. तिसऱ्या प्लगलाही तडा गेला होता, माझ्याकडचा घातला," ती म्हणाली. "तुम्ही दुःखात होतात, म्हणून त्रास दिला नाही."

"बिघडव," मी म्हटलं.

"काय?"

"होती तशी कर. लवकर."

सासरे शेजारी येऊन उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "अगं, बिघडवायचं काम जावईबापूंना दे. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही."

मी बॉनेट उघडलं आणि दोन वायरी बदलल्या. गाडी सुरूच होईना. दुसऱ्या दोन बदलल्या. नुसता धूर. वेशीवर नाना उन्हात उभे, छत्री धरणारा सारखा हात बदलतोय, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला गाडी मुद्दाम बिघडवायची होती तर तेही जमेना. शेवटी ओफोसुआनं मला हळूच बाजूला सारलं, मोजून दोन वायरी बदलल्या आणि मान हलवली.

एकवीस बार झाले. नाना प्रत्येक बाराला एक पाऊल टाकत आत आले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रडायला लागल्या. इतका भारदस्त निरोप त्या गावात कुणाला मिळाला नव्हता, असं सगळे म्हणत होते.

गेल्या महिन्यात आम्हाला आणखी दोन अंत्यविधींची बोलावणी आली. दोन्हींत सासऱ्यांचं नाव होतं, ओफोसुआचं होतं आणि गाडीचं होतं. गाडी कुणी चालवावी, याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.