मशीन चालतं का?

फ्रिजच्या दारावर चुंबकाने अडकवलेल्या कागदाला घरात ‘राज्यघटना’ म्हणत. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘या वस्तू जुन्या घेऊ नयेत’, आणि खाली दोन रकाने होते, वस्तू आणि कारण. बाळाचे बूट: दुसऱ्याच्या पायाचं वळण बसलेलं असतं. गादी: आत कोण राहतं ते कळत नाही. हेल्मेट: आधी आपटलेलं असलं तरी सांगत नाही. कुकर: तेच, पण मोठ्याने सांगतो. कागद लिहिणारी बाई मूल होईपर्यंत ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायची. आता घरी बसून नोंदी करायच्या तर कशाच्या, म्हणून ती धोक्यांच्या करत होती.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा. ‘हे स्पष्ट दिसतं की हे?’ असं दिवसभर विचारून तो इतका दमलेला असायचा की घरी त्याला सगळंच छान दिसायचं. त्याचा लाडका शब्द ‘चालेल’. भाजीत मीठ कमी पडलंय? चालेल. पडदा दोन इंच आखूड झालाय? चालेल. तिच्या तोंडून मात्र गेल्या सोळा महिन्यांत हा शब्द एकदाही निघाला नव्हता.

सोळा महिने, कारण ठकी सोळा महिन्यांची होती. खरं नाव वेगळं होतं, पण लाकडी बाहुलीसारखी ठेवू तिथे बसते म्हणून आजोबांनी तिची ठकी केली आणि तेच चिकटलं. ठकी जमिनीवरची मुंगी सर्वांत आधी बघायची, घरातल्या प्रत्येकाची चप्पल ओळखायची. पण उभी राहून एक पाऊल टाक म्हटलं की अशी बघायची, जणू हे काम दुसऱ्या खात्याचं आहे आणि आपण चुकीच्या खिडकीवर आलोय.

डॉक्टर म्हणाले होते, “दोन महिने वाट बघा, मग बघू.” त्या ‘मग बघू’ने तिची झोप उडाली होती. त्यात जिन्यात, दुकानात, फोनवर सगळे एकच विचारत, “चालते का?” आणि दर वेळी तिला ते बूट आठवत. जाऊबाईंच्या मुलाचे जुने बूट तिने ठकीच्या पायात दोन दिवस घातले होते. यादीतली पहिली ओळ तिथूनच आली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

अशात वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या आणि त्यांचं कपडे धुण्याचं मशीन विकायला निघालं.

“मशीन यादीत नाही,” नवरा कागदावर बोट फिरवत म्हणाला.

“कारण माझा निर्णय झालेला नाही.”

“निर्णय झालेला नाही म्हणजे बंदी नाही. राज्यघटना तुझीच आहे.”

ती एकोणीस प्रश्न लिहून वर गेली. मशीन पाहिलं. पांढरं, रुंद, आब राखून उभं, एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेसारखं. तिच्या तोंडून एकच प्रश्न निघाला, दिवसभर कानांवर आदळणारा.

“चालतं का?”

“चालतं?” गाण्याच्या बाईंनी कानाला हात लावला. “अगं, धावतं! फक्त पिळायला लागलं की जरा समोरून बाजूला हो.”

ती हसली. माणसं वस्तूंबद्दल किती प्रेमाने बोलतात, असं तिला वाटलं.

मशीन स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या गॅलरीत बसलं. वायर लोंबू नये म्हणून नवऱ्याने जवळचं बटण सोडून स्वयंपाकघरातल्या बटणातून लांबलचक वायर भिंतीच्या कडेने आणली. “कुठेही न्या, पुरेल,” तो अभिमानाने म्हणाला आणि दुकानात गेला.

तिने पहिली खेप लावली. ठकी स्वयंपाकघरात सतरंजीवर आमटीचा डाव घेऊन बसलेली. ती गॅलरीच्या टोकाला कपड्यांचे चिमटे गोळा करत होती. कपडे धुऊन झाले, पाणी गेलं, आणि मशीनने पिळायला सुरुवात केली. आधी नुसतं गुणगुणलं. मग अंगात आल्यासारखं थरथरलं. आणि मग त्याने डावा पाय पुढे टाकला.

ती बघतच राहिली. मग उजवा. मग पुन्हा डावा. खांदे हलवत, घाई न करता, ओळखीच्या रस्त्याने निघाल्यासारखं मशीन दाराकडे चाललं होतं. मागची नळी ताणली, फटकन सुटली आणि पाण्याचा फवारा थेट तिच्या तोंडावर बसला. तिने नळ बंद करून डोळे पुसले तोवर मशीन दारात पोचलं होतं. ही गॅलरीत, ठकी आत, आणि मध्ये मशीन.

“कोणी आहे का?” ती गॅलरीतून ओरडली. शेजारच्या आजी त्यांच्या गॅलरीत आल्या.

“काय झालं गं?”

“आजी, मशीन चालतंय हो!”

“चालतंय ना? मग बरं झालं की! जुनं असून चालतंय!” आणि आजी समाधानाने आत गेल्या.

“आजी, तसं नव्हे! पायांनी चालतंय!”

पण आजींनी मालिका लावली होती.

मशीनने उंबरठ्याशी क्षणभर विचार केला, अंग तिरकं केलं आणि एका उडीत आत गेलं. तिने मागून दोन्ही हातांनी धरलं. मशीनने तिलाही बरोबर घेतलं. समोर चार हातांवर ठकी डाव वर धरून बसलेली. “ठके, सरक! बाळा, सरक तिकडे!” पण आयुष्यात कधी न सरकलेली मुलगी आता काय सरकणार? तीन हात राहिले. दोन राहिले. तेवढ्यात ‘कुठेही न्या’वाली वायर संपली, प्लग टण्कन निसटला, आणि मशीन उसासा टाकून थांबलं.

ती मशीनला घट्ट धरूनच उभी होती. ठकीच्या कपाळावर मात्र आठी होती. चांगलं चाललेलं असं मध्येच थांबतं म्हणजे काय? तिने डाव खाली ठेवला, एक हात जमिनीला टेकला, मागचा भाग वर काढला, आणि उभी राहिली. एक पाऊल. दुसरं. तिसरं. चौथ्याला मशीनपाशी पोचून तिने त्याच्या पोटावर थाप मारली. ऊठ, चल.

आई जमिनीवर बसली. ओल्या केसांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

“खरंच चालली?” नवरा फोनवर ओरडला. “आणि मशीन?”

“तेही चाललं.”

“थांब, मी मेकॅनिकला सांगून ठेवतो.”

पण पुढच्या दोन दिवसांत कळलं की ठकी फक्त मशीनबरोबरच चालते. मशीन बंद, ठकी बंद. मग काय, स्वयंपाकघरातलं सगळं सामान ओट्यावर चढलं, वायर बटणापासून मोजून आखूड केली, आणि मुलीला मशीनच्या बाजूने चालवत दिवसातून चार खेपा सुरू झाल्या. घरातले कपडे संपले, तसे धुतलेले पुन्हा धुतले. नवऱ्याच्या रुमालांतून आरपार दिसायला लागलं. “नंबर काढायला उपयोगी पडतील,” तो म्हणाला. आजींच्या चादरी मागून आणल्या. “काय गुणी मुलगी आहे,” आजी जिन्यात सगळ्यांना सांगत सुटल्या.

तिसऱ्या दिवशी सासूबाई येणार होत्या, नातीला चालताना बघायला. नवऱ्याला ठकीपाशी बसवून ती त्यांना आणायला गेली. परत आली तर गॅलरीत नवऱ्याने तेव्हा सांगून ठेवलेले आणि मग विसरलेले मेकॅनिक काका गुडघ्यांवरून उठत हात पुसत होते.

“एक पाय तोकडा होता, ताई. समान केले. आता भूकंप झाला तरी हलणार नाही.”

तिने हाताला लागले ते कपडे आत कोंबले. मशीन लावलं. ते मांजरासारखं गुरगुरलं आणि जागच्या जागी कपडे पिळून मोकळं झालं. ठकी सतरंजीवर ठेवल्यासारखी बसून राहिली.

“आवाज काही नाही हो मशीनला,” सासूबाई नातीकडे बघत हळूच म्हणाल्या.

“काका,” तिचा आवाज चिरका झाला, “होतं तसं करून द्या.”

“म्हणजे?”

“बिघडवून द्या!”

“ताई, तीस वर्षं हे काम करतोय. बिघडवायला कोणी बोलावलं नव्हतं.”

“माझी मुलगी त्याच्यामुळे चालते, काका. मी तिला जुने बूट घातले होते, दुसऱ्याचे. तेव्हापासून...” आणि तीन महिने आत दाबलेलं सगळं तिने पाना पिशवीत टाकणाऱ्या एका अनोळखी माणसापुढे बोलून टाकलं. सासूबाई पुढे आल्या.

“वेडी आहेस का गं? तुझा नवरा तीन भावंडांचे वापरलेले बूट घालून चालायला शिकला. तोही दीड वर्षाचा झाल्यावर. तोवर त्याला आम्ही ‘मडकं’ म्हणायचो.”

“आई!” नवरा म्हणाला.

काका पुन्हा खाली बसले, हातानेच एक पाय सैल केला आणि मागे न बघता हात पिशवीकडे नेला. “पाना कुठे गेला?”

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

मशीन बंद होतं. सतरंजी रिकामी होती. आणि आपल्या हाताएवढा पाना दोन्ही हातांनी छातीशी धरून ठकी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे चालली होती. खांदे हलवत, घाई न करता, डावा मग उजवा, अगदी मशीनच्या चालीने. कपाटाशी तिने अंग तिरकं केलं आणि वळली.

शेवटी काका कुजबुजले, “ताई, पाना तर गेला. आता पाय असाच राहिला एक वर, एक खाली. काय करायचं?”

ती दाराकडे बघत होती. “चालेल,” ती म्हणाली.

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग तो काकांच्या कानाशी वाकला. “काका, तुम्ही ऐकलंत ना? नाव-पत्ता देऊन ठेवा. साक्षीदार लागेल.”