एक तृतीयांश पाणी

ग्रंथपालांची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची माशांची टाकी त्यांच्या गळ्यात पडली. जाताना तिने बजावलं होतं, "बाबा, काच हळूच पूस, तळातली घाण नळीने ओढ. पण पाणी एक तृतीयांशच बदल. सगळं काढलंस तर मासे मरतील."

महिनाभरात टाकी इतकी हिरवी झाली, की आत मासे आहेत हे नुसतं धरून चालावं लागे. शेवटी एका रविवारी, बायको बाजारात गेलेली पाहून, ग्रंथपालांनी नळीचं एक टोक टाकीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं. पाणी थेट घशात आलं. कशीबशी नळी बादलीत टाकून ते चूळ भरायला धावले. कितीही चुळा भरल्या तरी चव जाईना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या वहिनी.

"भाऊजी, आमचं छत गळतंय."

"आमच्याकडून शक्य नाही," ग्रंथपाल म्हणाले. मग भिंतीतले पाईप, शेजाऱ्यांची मोरी, जुनं बांधकाम, असं सगळं त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं.

वहिनींनी ऐकून घेतलं. "आणि तुमचे मोजे कशाने भिजलेत?"

आत नळी बादलीतून निसटून फरशीवर मोकळी वाहत होती. टाकीच्या तळाशी बोटभर पाणी, त्यात मासे आडवे होऊन तडफडत होते. ग्रंथपाल मटकन खाली बसले, तेही पाण्यातच.

"संपलं. पोरीला काय तोंड दाखवू?"

"ते नंतर बघा." वहिनींनी ओंजळीने मासे उचलून बादलीतल्या जुन्या पाण्यात सोडले. "आमच्याकडे काचेचं मोठं भांडं आहे. मी नेते यांना. तुम्ही फरशी पुसा."

फरशी पुसून झाल्यावर ग्रंथपालांनी टाकी घासून घासून लख्ख केली आणि मासे आणायला खाली गेले.

"आत्ताच कुठे सावरलेत," वहिनी म्हणाल्या. "राहू देत थोडे दिवस."

ते थोडे दिवस काही संपेनात. बायको रोज संध्याकाळी मासे बघायला खाली जाऊ लागली. ग्रंथपाल रिकाम्या टाकीवरची धूळ पुसत.

एकदा मुलीने व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, किती स्वच्छ ठेवलीयस टाकी. पण मासे दिसत नाहीत."

"खाली आहेत."

"तळाशी? मग आजारी असतील."

"तळाशी नाही गं. खालच्या मजल्यावर."

"जिवंत आहेत?"

"मजेत आहेत."

"मग तिथेच राहू देत," ती सुटकेचा श्वास टाकत म्हणाली. "आईला दे फोन."

"तीही खालीच आहे," ग्रंथपाल म्हणाले.