बुआपानमावशींचं मत

थायलंडच्या उत्तरेकडच्या आमच्या नान खोऱ्यातल्या छोट्या रुग्णालयाने पुढच्या पाच वर्षांचा आराखडा लोकांना विचारूनच करायचा, असा ठराव केला. त्याच आठवड्यात सोमवारी चिकट भात विकणाऱ्या बुआपानमावशी सुजलेला गुडघा घेऊन तिथे गेल्या.

बाकावर जागा नव्हती. मावशी दोन तास उभ्या राहिल्यावर नियोजन विभागाच्या नारिसाबाई आल्या आणि त्यांनी 'हितसंबंधी घटक' म्हणून मावशींची निवड केली. वर नेलं, पाठ टेकायची खुर्ची दिली, बर्फ घातलेला चहा दिला आणि रुग्णालयाबद्दल त्यांचं मत विचारलं.

"गुडघा दुखतोय," मावशी म्हणाल्या.

नारिसाबाईंनी यादी दोनदा पाहिली. स्वच्छता, वागणूक, वाहनतळ. गुडघा कशातच बसेना. अखेर 'इतर'वर खूण झाली.

गुरुवारी गटचर्चा ठेवली होती. हाडांचे एकमेव डॉक्टर थानित हे तिचे अध्यक्ष, त्यामुळे खाली त्यांची खोली बंद. चहाच्या वेळी मावशींनी आधी हात जोडून माफी मागितली आणि मग पाय त्यांच्यापुढे केला.

"मावशी, इथं तपासलं तर तुम्ही पेशंट झालात," डॉक्टर अवघडून म्हणाले. "मग तुमचं मत निःपक्षपाती कसं राहील? खाली या ना."

"खाली कोण असतं?"

"मीच. चर्चा नसते तेव्हा."

चर्चा पाच आठवडे चालली. गुडघा होता तसाच राहिला, पण मावशींनी एकही बैठक चुकवली नाही. अडुसष्ट वर्षांत त्यांचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

शेवटी प्रश्न आला: हाडांचे दुसरे डॉक्टर आणायचे, की कायमस्वरूपी मत-कक्ष उघडायचा? दोन्ही जमणार नव्हतं. मावशींनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला आणि तोच हात मत-कक्षासाठी वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

त्या लंगडत गल्लीत आल्या तेव्हा मी त्यांची यथेच्छ टर उडवली. त्यांनी ऐकून घेतलं.

"खाली दुखणं सांगितलं तर उभं राहायला लागतं," त्या म्हणाल्या. "वर मत सांगितलं तर बसायला मिळतं. तुझी पाठ कशी आहे?"

माझी पाठ वर्षभर धरलेली होती. मत-कक्ष उघडला त्या सकाळी तुमच्याआमच्यासारखे सोळा शहाणे रांगेत होते, सतरावा मी. माझ्यामागे थानित डॉक्टर उभे होते. अध्यक्षाने फक्त ऐकायचं असतं, त्यामुळे त्यांचं मत विचारायचं राहूनच गेलं होतं.