दोन मीटर लाटांतलं बारसं

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हॉवरक्राफ्ट व्हँकुव्हरहून खाडीपलीकडच्या नानायमो गावाकडे निघालं. ऑक्टोबर २००४. आत तेवीस प्रवासी. त्यांतल्या शोभाताईंना बारा वाजून चार मिनिटांनी नानायमोत भावाच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं. आत्या म्हणून नाव त्यांनीच निवडलं होतं आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

साडेआठची मोठी बोट घेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. नवरा नंदकुमार कॅल्गरीतल्या तेल कंपनीत इंजिनीअर. तरुणपणी त्याने आर्क्टिकच्या बर्फावर हॉवरक्राफ्ट धावताना पाहिली होती. रबरी घेरात हवा कोंडून ते पाण्याला न शिवता जातं, पस्तीस मिनिटांत पोचतं, हे त्याने तीनदा समजावलं. बर्फाला लाटा नसतात, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

अकरा पस्तीसला लाटा दोन मीटरवर गेल्या. घेरातली हवा निसटली आणि हॉवरक्राफ्टचं नाक पाण्यात बसू लागलं. कॅप्टनने वेग कमी केला. वारा पडेपर्यंत इथेच थांबू, असं त्याने जाहीर केलं. या महिन्यातली ही सहावी वेळ, म्हणूनच लोक बोटीकडे वळलेत, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं आणि कागदी पिशवी तोंडाशी धरली.

शोभाताईंनी भावाला, निहारला, फोन लावला. तिकडे त्याच्या सासूबाई पंचांग घेऊन बसल्या होत्या. मुहूर्त सहाच मिनिटांचा. आत्या नसेल तर मावशी, असा त्यांचा निर्णय झाला होता. मावशी यामिनी हजर होती आणि तिच्याकडेही नाव तयार होतं.

"फोन बाळाच्या कानाला लाव," शोभाताई म्हणाल्या. "आणि यामिनीला म्हणावं, बस खाली."

बारा चारला त्या फोनमध्ये कुजबुजल्या.

"ताई, नुसती घरघर येतेय," निहार म्हणाला. "यामिनी पाळण्याजवळ सरकतेय."

"ओरड की," नंदकुमार म्हणाला.

"बारशाचं नाव ओरडतात का?"

"मग ठेवू दे यामिनीला."

शोभाताई ओरडल्या, "ऊर्मी!" तेही घेरात हवा भरणाऱ्या पंख्यांच्या आवाजात बुडालं. तेव्हा नंदकुमार खांब धरून उभा राहिला आणि त्याने इंग्रजीत सगळ्यांना परिस्थिती समजावली. मळमळीशिवाय काहीतरी करायला मिळाल्याचा त्यांना आनंदच झाला. त्याने तीनपर्यंत आकडे मोजले. बारा नऊला तेवीस जण एकदम ओरडले. त्याच क्षणी मोठी लाट आपटली आणि शोभाताईंची पाठ खुर्चीवर सणकून आदळली. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. तीही राहून गेली नाही.

फोनमधून बाळाचं रडणं आलं.

"पोचलं," निहार म्हणाला. "यामिनी बसली."

एक वाजता हॉवरक्राफ्ट निघालं तिथेच परत आलं. बारशासाठी आणलेले पेढे शोभाताईंनी प्रवाशांना आणि कॅप्टनला वाटले. कॅप्टनने ते नाव कसं लिहितात विचारलं. नंदकुमारने नॅपकिनवर लिहून दिलं.

तीन आठवड्यांनी हॉवरक्राफ्टच्या कंपनीने सेवा बंद केली. हॉवरक्राफ्ट किनाऱ्यावरच्या काँक्रीटवर उभं आहे. एका बाजूला देवनागरीत 'ऊर्मी', दुसऱ्या बाजूला 'विकणे आहे'ची पाटी. नानायमोतली ऊर्मी रांगू लागली आहे.

गेल्या मंगळवारी नंदकुमारने कंपनीला किमतीच्या चौकशीचं पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही. शोभाताईंना हे अद्याप माहीत नाही.