न सुटणारे गलबत आणि राजांची डावी बाही

श्री. ज्याने पहिला धागा ओढला आणि त्याचे टोक अद्याप कोणाच्या हाती दिले नाही, त्यास आधी दंडवत. मग ऐकणारांनी सावध बसावे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख वद्य नवमी, ते दिवशी राजश्री रघोत्तमराव महाराज सरकारचाकरीतून मोकळे जाहले. संवत्सर क्रोधी, परंतु राजे स्वभावे थंड. राज्य केवढे म्हणाल तर तीन खोल्या आणि एक सज्जा, पूर्वेस जिना, पश्चिमेस शेजारीण फिलोमिनाबाई. आणि प्रजा म्हणाल तर राणीसाहेब इंदुमतीबाई व कन्या ऋजुता. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राजे चौतीस वर्षे धरणावर पाण्याची पातळी मोजण्याचे कामी होते. रोज सकाळी आठ वाजता भिंतीवरील खुणांपाशी उभे राहावे, आकडा वाचावा आणि वहीत चढवावा. पूर येवो की दिवाळी, आठाचे सव्वाआठ होणे नाही. ऐसा पुरुष घरी बसला आणि आठ वाजता वाचण्यास काही उरले नाही. तेव्हा राजांनी चार दिवस न्हाणीघरातील पिंपाची पातळी मोजली. पाचवे दिवशी राणीसाहेब वदल्या, "अहो, पिंपाला पूर येत नाही. हाताला काहीतरी काम शोधा, नाहीतर मीच वाहून जाईन."

मग राजांनी मसलत केली आणि एकदम दोन मोहिमा काढल्या. सकाळी कादंबरी लिहावी आणि दुपारी लोकर विणावी. विणकामाचे गुरुपद फिलोमिनाबाईंस दिले. बाई पूर्वी इस्पितळात नर्स होत्या, हात हलका आणि जीभ जड. राजांचा पहिला मोजा पाहून त्या म्हणाल्या, "साहेब, सुई आहे ती, पहार नाही. आणि ओळी कसल्या मोजत बसता? विणलेलं अंगाला लावून बघा. लोकर माणसाचा हात ओळखते. मन आवळलं की टाका आवळतो." राजे म्हणाले, "बाई, आकडा बरोबर तर कापड बरोबर." हाच राजांचा सिद्धांत, आणि पुढील सर्व प्रकरणाचे मूळ हेच. राजांनी जुन्या सवयीने एक वही घातली, डाव्या पानावर कादंबरी आणि उजव्या पानावर त्या दिवशी विणलेल्या ओळींचा आकडा, वर तिथी. कादंबरीची नायिका मंदाकिनी. ती गलबतात बसून दूरच्या बेटावर औषधी आणावयास जाणार, ऐसा मजकूर. रोज सायंकाळी चहाचे वेळी राजे तो वाचून दाखवीत, आणि राणीसाहेब भाजी निवडता निवडता ऐकत, आणि कन्येस ही सभा फार आवडे.

कन्या ऋजुता हिची विद्या बर्फाची. बर्फात खोल भोक पाडावे, आतून लांब कांडी काढावी आणि तिचे थर मोजून कोणत्या साली किती हिम पडले ते सांगावे, हे तिचे कसब. आषाढमासी तिला खलिता आला, की पृथ्वीच्या दक्षिण टोकास जे ठाणे आहे तेथे चौदा महिने राहण्यास तुमची निवड जाहली, कार्तिकात कूच करावे, होकाराचा कागद भाद्रपदाअखेर पाठवावा. कन्येने भीत भीत राजांस वर्तमान सांगितले. राजे हसले आणि म्हणाले, "जा, बिनघोर जा. मी तुला स्वेटर विणतो. पाठ झालीच आहे म्हण." आणि खरोखर आठ दिवसांत पाठ विणून जाहली, मऊ आणि एकसारखी. कन्येचा जीव भांड्यात पडला, की बाबा आपल्या छंदात रमले, आता मागे वळून पाहण्याचे कारण नाही.

परंतु श्रावण लागला आणि कादंबरीत विपरीत घडू लागले. मंदाकिनी गलबतावर चढली तोच सुकाणू मोडले. सुकाणू दुरुस्त जाहले तर वारा पडला. वारा सुटला तर तांडेलास ताप आला. ताप उतरला तर बंदरात कोणाचे लग्न निघाले आणि सगळे खलाशी वऱ्हाडात गेले. ऐसे पाच अध्याय जाहले, गलबत जागचे हालेना. राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, बेटावरचा रोगी केव्हाच बरा झाला असेल. सोडा की आता ते गलबत!" राजे चष्मा पुसत म्हणाले, "कथेची गरज असते, इंदू. तुला नाही कळायचं."

भाद्रपदात उजवी बाही तयार जाहली. कन्येने हात घातला, तो बाही मनगटाच्या वरच थांबली. राजे चकित जाहले. "शक्य नाही. एकशे वीस ओळी, एक कमी नाही." कन्येने मोजल्या, ओळी एकशे वीसच. मग तिने पट्टी आणली आणि पाठीवर लावली. दहा ओळींस चार सेंटिमीटर. बाहीवर लावली, दहा ओळींस साडेतीन. राजे म्हणाले, "थंडीनं हात आखडतात." राणीसाहेब म्हणाल्या, "श्रावणात?" राजे चहा टाकावयास गेले, आणि तो प्रांत आजवर त्यांचा नव्हता.

मग कन्येने वही उघडली. एकेक तिथी विणलेल्या ओळींशी लावून पाहिली. पाठ संपून जे दिवशी मंदाकिनी गलबतावर चढली, त्या दिवसापासून समोरच्या भागाच्या आणि बाहीच्या ओळी आवळत गेल्या होत्या. सुकाणू मोडले ते दिवशी बारा ओळी, घट्ट. वारा पडला ते दिवशी नऊ, त्याहून घट्ट. बर्फाच्या कांडीत दुष्काळाचे वर्ष दिसावे, तैसे तिला बापाचे दोन महिने एका बाहीत दिसले. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. दूध उतू जात होते आणि राजे त्याकडे पाहत उभे होते. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "बाबा, मी नाही येत म्हणून कळवते."

"कळवायचं नाही," राजे एकदम म्हणाले. "स्वेटरचं मी बघतो."

"स्वेटरचं नाही बोलत मी. मंदाकिनीला का अडवून धरलंय?"

राजे पुष्कळ वेळ फडक्याने ओटा पुसत राहिले, जेथे दूध सांडले नव्हते तेथेही. मग म्हणाले, "भीती नाही गं मला. चौतीस वर्षं आठ वाजता पातळी वाचली. पाणी चढलं तरी मी कधी घाबरलो नाही, आकडा कळला की झालं. तुझा आकडा मात्र चौदा महिने कळायचा नाही. विणताना तेवढंच मनात येतं, आणि हात घट्ट होतो."

कन्या म्हणाली, "एवढंच ना? तिथून निरोप पाठवता येतो. रोज आठ वाजता एक आकडा पाठवीन. बाहेर किती अंश आहे तो. बाकी काही नाही."

"आठ म्हणजे आठ?"

"सव्वाआठ नाही."

राणीसाहेब दारातून म्हणाल्या, "आकड्यानं कुणाचं पोट भरतं? जेवलीस का, तेही लिहायचं." ऐसा तह जाहला, आणि कन्येने त्याच दिवशी होकाराचा कागद रवाना केला.

दुसरे दिवशी सकाळी मंदाकिनीचे गलबत बंदरातून सुटले. वारा कोठून आला ते राजांनी लिहिले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. मग आश्विनात डावी बाही जाहली, एकशे वीस ओळी, एक कमी नाही. आणि ती उजवीहून तीन बोटे लांब भरली. राजे ओशाळले आणि म्हणाले, "थांब, उसवतो. चार दिवसांत पुन्हा विणीन." फिलोमिनाबाई दोन्ही बाह्या शेजारी धरून म्हणाल्या, "साहेब, सांगत होते मी. आता बसा उसवत!" परंतु कन्येने स्वेटर हिसकून घेतला आणि थेट पेटीत घातला. म्हणाली, "हात लावायचा नाही. ही बाही मला अशीच पाहिजे." मग कार्तिक शुद्ध द्वादशीस तिने कूच केले. राजे जिन्यापर्यंत आले, आणि घड्याळाकडे पाहून म्हणाले, "तुझं आठ की माझं आठ?" कन्या म्हणाली, "तुमचं."

मार्गशीर्षात पहिला निरोप आला, आठ वाजता. उणे अकरा. जेवले. डावी बाही बोटांपर्यंत येते, हातमोजा काढून हे लिहिताना तीच ओढून घेते. राजांनी तिथी घालून उजव्या पानावर आकडा चढवला, आणि डाव्या पानावर लिहिले, की मंदाकिनी बेटास पोहोचली.

सारांश, राजांची कादंबरी अद्याप संपली नाही आणि संपवण्याची घाई नाही. हल्ली राजे राणीसाहेबांसाठी शाल विणतात. दहा ओळींस चार सेंटिमीटर भरते. राज्यात क्षेम आहे.