खिशातला ताप

आमच्या गल्लीत एखाद्या लेकराला ताप आला, की किसनआबा त्याच्या उशाशी बसतात, स्वतःचा तळहात पुढे करतात आणि म्हणतात, "दे इकडं तुझा ताप." लेकरू आपली गरम मूठ त्यांच्या तळहातावर उघडते. आबा तो ताप न सांडता बंडीच्या खिशात ठेवतात आणि वरून बटण लावतात. "माझ्याकडं लई जागा हाय. मला काय धाड भरलीय?"

मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझे घर हर्सूलला. पण जायकवाडीच्या पाण्याकाठी वसलेल्या या गावी रोजची ये-जा जमत नाही, म्हणून आबांच्या घरासमोरच खोली घेतली आहे. शनिवारी एसटीने घरी जाते, सोमवारी परतते. परतल्यावर गावाची खबर मला प्रथम आबाच देतात, आणि ती नेहमी आजाऱ्यांपासून सुरू होते.

कारण आजाऱ्याच्या समाचाराला जाणे हा आबांचा खरा व्यवसाय आहे. शेती ते केवळ मधल्या वेळात करतात. समाचाराला निघताना ते काखेत स्वतःचा लाकडी पाट घेतात. आजाऱ्याच्या घरी आधीच धावपळ असते, तिथे आणखी "बसायला द्या" म्हणणे त्यांना गैर वाटते. एकदा पाट मांडला, की दिवेलागण होईपर्यंत उठायचे नाही, हा त्यांचा दंडक. "उभ्या उभ्या विचारपूस करायला तो काय बसस्टँडवर पडलाय?" असे ते घाईच्या माणसांना सुनावतात. मात्र आजाऱ्यासाठी कुणी केळी आणली, तर आबा ती सालीवरून तपासतात आणि खेदाने म्हणतात, "पेशंटला केळ जड पडतं, बरं का." मग ती जबाबदारी ते स्वतःच्या पोटावर घेतात.

स्वतः आबांना जन्मात ताप आलेला नाही. हे विधान मी प्रथम ऐकले तेव्हा, माझ्या सवयीप्रमाणे, तपासून पाहिले.

"आबा, कधीच नाही?"

"कधीच नाय."

"तुमची लेक गडचिरोलीकडे दिली आहे. धानाच्या लावणीला तुम्ही दरवर्षी तिकडे जाता. तिथेही नाही?"

"तिकडं पयल्या सालांत थंडी वाजून यायची खरी. गोधडीत दात वाजायचे."

"मग तो ताप नव्हता का?"

"ती कणकण, बाई! ताप येगळा, कणकण येगळी. तुम्ही शिकलेल्या, एवढं कळाया पायजे. आन् आता तर तीबी येत नाय."

सांगायचे इतकेच, की आबांचा निरोगीपणा त्यांनी केलेल्या व्याख्येवर उभा होता. व्याख्या भक्कम असली, की माणूस कितीही वर्षे निरोगी राहू शकतो.

यंदा पावसाळा सरता सरता गल्लीत हिवतापाचे रुग्ण निघाले. माझ्या वर्गातली प्रज्ञा त्यांत पहिली. आबांनी नेहमीप्रमाणे तिचा ताप खिशात घातला, दवाखान्याच्या गोळ्यांनी तो उतरला, आणि श्रेय दोघांत वाटले गेले. त्यानंतर आमच्या गावच्या आशा सेविका संगीताताई आरोग्य पथकाला घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आल्या. गल्लीतल्या प्रत्येकाच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा होता. ज्यांना ताप नाही त्यांच्याही.

"ह्ये नवीनच!" आबा पाटावरून उद्गारले. "तापलेल्याचं रगत घ्या की. धडधाकट माणसाला काय टोचायलात?"

पण सुई पाहून मुले रडू लागली, तेव्हा आबाच पुढे झाले. बोट असे पुढे केले, जणू कुणी त्यांना अंगठी घालणार होते. "बघा रे पोरांनो. ह्याला म्हणत्यात मर्द."

थोड्या वेळाने संगीताताईंनी तपासणीची पट्टी उजेडात धरली, पुन्हा धरली, आणि म्हणाल्या, "आबा, तुमच्यात हिवताप निघालाय."

आबा मनापासून हसले. मग हसणे थांबवून पट्टीकडे पाहू लागले. "ह्या हाताला काल खुरपं लागलंय, त्यानं बिघडलं असंल. डाव्या हाताचं घ्या." डाव्या हाताचे घेतले. डावा हातही उजव्याशी सहमत निघाला.

"पण मला ताप कुठंय?" त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला. कपाळ रांजणासारखे गार होते.

इथे मला माझे काम करावे लागले. मी व्हरांड्यात सर्वांनाच समजावून सांगितले, की हे दुखणे पुन्हा पुन्हा होऊन गेले, तर काही शरीरांना त्याची सवय होते. मग जंतू रक्तात थोड्या संख्येने राहतात. माणसाला ना थंडी वाजते, ना ताप चढतो. जुना भाडेकरू जसा आवाज न करता राहतो, तसे. मात्र विशिष्ट जातीचा डास अशा माणसाला चावला, की तो ते जंतू उचलतो आणि पुढे काही दिवसांनी दुसऱ्याला चावून त्याच्या रक्तात सोडतो. म्हणून ज्याला काही होत नाही, त्यानेही औषध घ्यायचे.

व्हरांडा शांत झाला, याचा मी समाधानकारक अर्थ लावला. तो चुकीचा होता. मुलांनी धड्यातून एवढेच घेतले, की आबांच्या खिशातले ताप आत झिरपले. मागच्या बाकावरचा ओंकार घाबरून पुढे आला. "आबा, माझी गालगुंडंबी तुमच्याच खिशात हायेत का?"

आबांनी खिसा चाचपला. पाट काखेत घालून ते घरी गेले.

औषधाबद्दल त्यांनी मुळीच तक्रार केली नाही. संगीताताई समोर उभ्या राहून गोळ्या देत, आबा निमूट गिळत. सरकारी मच्छरदाणी त्यांनी अंगणातल्या बाजेवर बांधली आणि भर दिवसा तिच्यात मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखे बसून राहू लागले. पण पाट बाजेखाली ढकललेला. पलीकडच्या आळीत सरूबाईंचा पाय मुरगळला, तरी आबा गेले नाहीत. सरूबाईंना पायापेक्षा याचेच जास्त दुखले.

मी विचारायला गेले. जाळीच्या आतून आवाज आला, "त्या प्रज्ञीला माझ्यापासूनच झाला असंल, व्हय ना?"

"ते सांगता येत नाही, आबा. कुणाचा डास कुणाला चावला, हे कुणालाच ठाऊक नसते."

"मी तिच्या उशाला बसलो व्हतो, बाई. म्हणलं, दे ताप. आन् देणारा मीच!"

"उशाशी बसल्याने हा ताप दुसऱ्याला लागत नाही. हात धरल्यानेही नाही. औषध पूर्ण करा, आणि खुशाल जा."

"बघू," आबा म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग जे झाले, त्याची योजना कुणी केली नाही. संध्याकाळी सरूबाई लंगडत आल्या, हातात घरचा पाट. त्यांच्यामागून प्रज्ञाची आई, ओंकारचे वडील, संगीताताई, आणि आबांनी आजवर ज्यांच्या उशाशी दिवेलागण केली अशी निम्मी गल्ली. प्रत्येकाच्या काखेत पाट. अंगण भरले.

"काय म्हणतीय तब्येत?" सरूबाईंनी आवाज खाली आणून विचारले.

"चांगली हाय की."

"आसंच म्हणत्यात सगळे," सरूबाई शेजारणीला म्हणाल्या. "चेहरा बघा, कसा वाळलाय."

आबांना रुग्ण होता येत नव्हते. कण्हावे की गप्पा माराव्यात, हे ठरेना. चांगल्या उकाड्यात त्यांनी सौजन्य म्हणून गोधडी अंगावर ओढून घेतली. ओंकारच्या वडिलांनी केळी आणली होती. आबांचा हात जाळीबाहेर आला, तेवढ्यात सरूबाईंनी केळे उचलून सोलले. "पेशंटला केळ जड पडतं, बरं का."

अंगण हसले. आबाही हसले, पण अर्ध्यातच थांबले आणि प्रत्येकाकडे आळीपाळीने पाहू लागले. आबांची कारभारीण वारली, त्यानंतर या अंगणात इतकी माणसे बसलेली मी पाहिली नव्हती. जन्मभर आजारी न पडलेल्या माणसाकडे समाचाराला येणार तरी कोण?

तेव्हा आईमागून प्रज्ञा पुढे आली. मच्छरदाणीची कड उचलून तिने आपला तळहात आत घातला.

"द्या आबा तुमचा ताप."

"मला ताप नाय गं, पोरी."

"मग नसलेला द्या."

आबांनी त्या तळहाताकडे पाहिले. मग त्यांनी बंडीच्या खिशाचे बटण काढले, आत दोन बोटे घातली, आणि जे काही होते ते, सांडू न देता, तिच्या हातावर ठेवले. प्रज्ञाने मूठ मिटून ती गणवेशाच्या खिशात रिकामी केली आणि जायला वळली.

"ए, थांब!" आबांनी वाकून बाजेखालचा पाट ओढला, पंच्याने पुसला आणि तिच्यापुढे सरकवला. दंडक त्यांना पाठ होता.

"बस. समाचाराला आल्यावर दिवेलागणीच्या आत उठत नसत्यात."