रविवारचं उलटं पाणी

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या गावची नदी रविवारी उलटी वाहते. इतर दिवशी ती नेहमीसारखी आमच्याकडून हुलगट्टीकडे जाते. रविवारी मात्र उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत ती हुलगट्टीकडून आमच्याकडे येते. हुलगट्टी शेजारच्या राज्यात आहे. मध्ये सीमेचा दगड आहे. त्याच्या एका अंगाला मराठी अक्षरं आणि दुसऱ्या अंगाला कानडी. उसाच्या ट्रॉल्या घासून घासून दोन्हीकडची अक्षरं सारखीच पुसली गेली आहेत.

मी भाऊसो मगदूम. घाटावर माझं भडंगाचं दुकान आहे. दोन राज्यांची संयुक्त नदीकाठ पर्यटन व संस्कृती विकास समिती निघाली, तेव्हा तिच्यात स्थानिक सदस्य म्हणून मला घेतलं. कारण एवढंच, की पहिली बैठक माझ्याच दुकानापुढच्या बाकावर भरली आणि मला उठून जायला जागा नव्हती.

उलट्या पाण्याची कल्पना आमची नव्हे. आमच्या बाजूचे पर्यटन अधिकारी वाघुळदेसाहेब नौकाविहार, रंगीत दिवे आणि फोटो काढायचा चौथरा यांवर बराच वेळ बोलले. पलीकडचे हिरेमठसाहेब शांतपणे भडंग खात होते. पुडी संपल्यावर त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "साहेब, एक लाजेची गोष्ट आहे बघा. तुमच्या गावचं सामान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या काठाला येतंय. हार येतात, नारळ येतात, दिवे येतात, गणपती येतात. आम्ही आजवर काहीच परत धाडलं नाही. शेजारचं भांडं रिकामं परत करायची पद्धत आमच्यात नाही हो."

वाघुळदेसाहेबांना हा टोमणा वाटला. ते प्रदूषण मंडळाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटले. पण हिरेमठसाहेबांचा चेहरा खरोखरच ओशाळलेला होता.

"आमच्यातही नाही," मी म्हणालो. आमची आई शेजारणीची वाटी परत करताना तीत चिमूटभर का होईना साखर घालायची. साखर नसली तर गुळाचा खडा. घरात काहीच नसलं तर वाटी परत जायचीच नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची. हे मी सांगितल्यावर दोन्ही साहेबांनी माना डोलावल्या. दोन राज्यांमध्ये वाद नसलेला तो एकमेव मुद्दा होता, त्यामुळे ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला.

अडचण एवढीच होती की तिकडून इकडे पाठवायचं तर पाणी इकडे यायला हवं. पर्यटकांच्या सोयीचा वार म्हणून रविवार ठरला. नदीला रीतसर नोटीस काढली, दोन्ही भाषांत, आणि दोन्ही घाटांवर चिकटवली. मुदतीत नदीची हरकत आली नाही. तेव्हा तिची संमती आहे असं धरून पुढची कार्यवाही झाली.

पहिल्या रविवारी पाहुणे फेटे बांधून घाटावर बसले होते. पाणी थांबलं. गोठ्याकडे वळताना म्हैस थांबते तसं जरा रेंगाळलं, आणि वळलं. टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं सामान यायला लागलं. हुलगट्टीची माणसं मोठी नेकीची. त्यांनी जे आलं होतं ते नुसतं परत केलं नाही, वर भर घालून केलं. कोमेजलेले हार नव्या फुलांनी ओवून पाठवले. विझलेले दिवे तेल घालून, पेटवून पाठवले. मागल्या वर्षीचे गणपती तर रंग देऊन, तुटलेले हात बसवून आले. आता आलेल्या देवाला असंच काठावर ठेवता येतंय होय? मंडळांनी धावपळ करून आरत्या केल्या आणि दिवस मावळायच्या आत वाजतगाजत परत विसर्जन केलं, कारण कार्यक्रमाची परवानगी तेवढीच होती. शिवाय रिकामं कसं पाठवायचं म्हणून प्रत्येक मूर्तीबरोबर काकवीची एकेक बरणी दिली.

पुढच्या रविवारी बरण्या परत आल्या. त्यांत बेळगावचा कुंदा होता.

इथून गोष्ट हाताबाहेर गेली असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. पर्यटक मात्र लोटले. माझ्या भडंगाला हात पुरेनात.

आणि मग एका रविवारी आण्णाप्पा अंबी आला.

आण्णाप्पा म्हणजे आमच्या घाटावरचा नावाडी. दोन पावसाळ्यांमागे तो वारला. गावातले बाकीचे लोक आपल्या माणसाची राख गाडी करून लांबच्या तीर्थाला नेतात, फोटो काढतात, मग गावाला पेढे वाटतात. हौसाबाईनं, त्याच्या बायकोनं, राख इथंच घाटावर सोडली. "जलमभर ह्याच पाण्यात हुता," म्हणाली. गावानं तिला भरपूर नावं ठेवली, त्यात थोडा मीही होतो. नंतर तीच नाव चालवायला लागली, तेव्हा आणखी ठेवली.

तर आण्णाप्पा आला. कमरेएवढ्या पाण्यातून चालत पायऱ्यांपाशी आला, धोतर पिळलं आणि वर येऊन बसला. ओला होता, पण तब्येतीनं बरा दिसत होता. हुलगट्टीच्या लोकांना राख परत करायची होती. नुसती राख परत करणं त्यांना बरं वाटलं नाही, म्हणून त्यांनी भर घालून माणूस करून पाठवला.

हौसाबाई तेव्हा नावेला डांबर लावत होती. तिनं मान वर केली, बघितलं, आणि हातातला डांबराचा बोळा खाली ठेवला. हात पदराला पुसले. मग म्हणाली, "जेवलासा का न्हाई?"

"खाल्ली की भाकर. जवारीची," आण्णाप्पा म्हणाला. त्याची नजर नावेवर होती. "हौसे, ह्ये डांबार लावायची रीत हाय व्हय? फटीत जायाला पायजे. वर वर थापतीस नुसती."

"मग लावा की तुमी. दोन वर्सं कुटं हुतासा?"

तो उठला आणि लावायला बसला. ती त्याच्या पाठीमागं उभी राहून चुका काढत राहिली. खरं सांगतो, मला भरून आलं. मी उगीच शेंगदाणे परतायला आत गेलो.

दिवस मावळताना पाणी पुन्हा फिरलं, तसा तो उठला आणि पायऱ्या उतरून गेला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. रविवारी आलेलं सगळंच संध्याकाळी परत जायचं, तसाच तोही. पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. वाघुळदेसाहेबांनी त्याची नोंद 'पारंपरिक नौकाव्यवसाय, प्रात्यक्षिक' अशी केली. पर्यटकांनी त्याचे फोटो काढले. गावातल्या पेढेवाल्या घरांची तोंडं पडली, कारण त्यांची माणसं तीर्थाला गेली होती आणि तिकडे असा काही करार नव्हता.

हौसाबाई बदलली. आठवडाभर नाव वल्हवायची, कुणाशी फार बोलायची नाही. रविवारी सकाळी मात्र डोईला तेल लावून पायरीवर बसलेली असायची. एकदा मला म्हणाली, "भाऊसो, चाळीस वर्सं त्येंच्या मागनं जेवलो. आता पाव्हनं म्हनून येत्यात, तर संगट बसाय लागतंय. लाज वाटती." पण जेवायची सोबत. मी बघितलंय.

इकडे देवाणघेवाण चालूच होती. त्यांनी डोळ्ळू ढोल पाठवला, आम्ही हलगी दिली. त्यांनी करडी मजल वाजवणारा ताफा पाठवला, आम्ही लेझीमवाले दिले. त्यांनी शाळेची घंटा पाठवली, आम्ही आमची दिली. शेवटी अशी वेळ आली की हुलगट्टीत हलगी वाजायची आणि आमच्या गावात डोळ्ळू. त्यांची पोरं "काय मर्दा" म्हणायला लागली आणि आमची होय जी म्हणायच्या जागी "हौद्री". देण्यासारखं आपलं असं कुणाकडेच काही उरलं नाही.

मग समितीची बैठक झाली, माझ्याच बाकावर. वाघुळदेसाहेब प्रसन्न होते. "संस्कृतीची देवाणघेवाण हे उद्दिष्ट होतं," ते म्हणाले. "ते संपूर्ण साध्य झालेलं आहे. सबब योजना बंद करण्यात येत आहे."

"साध्य झालं म्हणून बंद?" मी विचारलं.

"मग काय, असाध्य झालं म्हणून चालू ठेवायची? मगदूम, येत्या रविवारी ज्याचं त्याला परत. त्यानंतर नदी पूर्ववत."

"आणि आण्णाप्पा?"

वाघुळदेसाहेबांनी कागद चाळले. "प्रात्यक्षिक. तेही बंद."

 त्या दिवशी हिरेमठसाहेबांनी भडंगही खाल्लं नाही.

हौसाबाईला सांगायचं काम स्थानिक सदस्याकडे आलं. मी नावेपाशी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "बोला की. त्वांड का असं?" मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, वल्हं उचललं आणि म्हणाली, "साहेबास्नी इचारा, रविवार येकच हाय का अजून?" मी एकच म्हणालो. तिनं मान हलवली आणि नाव लोटली. नावेत एकही उतारू नव्हता.

शेवटच्या रविवारी घंटा गेली, ढोल गेला, गणपती गेले. आण्णाप्पानं नावेच्या सगळ्या फटी डांबरानं भरून घेतल्या, पावसाळाभर पुरेल इतक्या. संध्याकाळी हौसाबाईनं कडीचा पितळी डबा आणून त्याच्या हातात दिला. झाकणावर त्याचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यावर कोरतात तसं.

"ह्यात काय?"

"पावट्याची आमटी हाय. भाकरी हाय. तिकडं गेल्यावर खावा."

"हौसे..."

"गार व्हायच्या आत जावा," ती म्हणाली.

तो डबा डोक्यावर धरून पायऱ्या उतरला. पाणी फिरलं. ती लगेच वळून घरी गेली. मी दुकान लवकर बंद केलं. तिच्या घरावरून जाताना आत चूल पेटलेली दिसली नाही.

त्यापुढच्या रविवारी नदी सरळ वाहत होती. हौसाबाई तरी डोईला तेल लावून पायरीवर येऊन बसली. कुणाची तिला काही बोलायची छाती झाली नाही. दुपार कलल्यावर हिरेमठसाहेबांची जीप धूळ उडवत आली. त्यांच्या मागोमाग बोलावून घेतलेले वाघुळदेसाहेब, रविवार बुडाला म्हणून वैतागलेले. बाकावर तातडीची बैठक भरली.

"साहेब, आमच्याकडं एक डबा आलाय," हिरेमठसाहेब म्हणाले. "कडीचा. तुमच्या गावचा. जेवण झालं, डबा रिकामा झाला. आता तो आमच्याकडं पडून आहे. गावात कुणाला चैन नाही हो."

"पार्सलनं पाठवा. एसटी आहे."

"पाण्यानं आलेला डबा पाण्यानंच जायला पाहिजे. आणि रिकामा नाही."

वाघुळदेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पद्धत म्हणजे पद्धत. त्यांनाही ते पटत होतं, हे दिसत होतं. त्यांच्याही घरी आई असणारच.

"बरं," ते म्हणाले. "एका डब्यापुरतं पाणी उलटं सोडू. डबा तरंगत येईल. विषय संपला."

"तरंगत कसा येईल?" हिरेमठसाहेब म्हणाले. "आमच्या बायकांनी एण्णेगाई भरलीय. वांग्यांत तेल भरपूर. डबा कलंडला तर सांडणार. धरायला माणूस लागेल. पाण्यातला माहितगार."

 पायरीवर बसलेल्या हौसाबाईनं मान वळवली होती.

वाघुळदेसाहेबांनी पेन काढलं. "एक डबा, एक धरणारा," ते लिहिता लिहिता म्हणाले. "एकदाच. डबा पोचला की प्रकरण बंद."

"बंद," हिरेमठसाहेब म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी भडंगाची पुडी उचलली. "फक्त एक झालंय. एण्णेगाई डब्यात मावेना. म्हणून वरून एक वाटी ठेवलीय. ती आमची आहे."

आता नदी रविवारी एका डब्यापुरतीच उलटी वाहते. आमच्या काठाला लागून नावेच्या रुंदीएवढी पाण्याची पट्टी इकडे येते, बाकीची नदी आपली सरळ जात असते. पर्यटकांच्या ते लक्षातही येत नाही. त्यांच्यासाठी फोटोचा चौथरा बांधलाय, ते तिकडे तोंड करून उभे असतात.

परवाच्या रविवारी दोघं पायरीवर जेवले. जेवण झाल्यावर हौसाबाईनं हुलगट्टीची वाटी राखेनं घासली, धुतली, तीत दहीधपाटं घातलं. वाटीत जरा जागा राहिली, म्हणून माझ्याकडून मूठभर भडंग मागून घेतलं. मग तिनं आपल्या घरातली आणखी एक वाटी आणली, तीत लोणचं घातलं आणि तीही डब्यावर ठेवली.

"दोन कशाला गं?" आण्णाप्पा म्हणाला. "हात किती हैत मला?"

"एक त्येंची हाय," ती म्हणाली. "एक आपली. नीट धरून जावा."